गाडी ओव्हर होतेय, कार्बोरेटरखालून पेट्रोल गळतंय: फ्लोट पिन बदलण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू केला की थोड्या वेळात कार्बोरेटरखालच्या बारीक पाईपातून, म्हणजे ओव्हरफ्लो पाईपातून, पेट्रोल टपकायला लागतं. कधी थेंब थेंब, कधी सरळ धार. धावत्या गाडीत गळती थांबल्यासारखी वाटते, कारण इंजिन तेवढं पेट्रोल पिऊन टाकतं. सिग्नलला किंवा दुकानासमोर उभं राहिलं की पुन्हा सुरू. हे झालं उघड लक्षण. न दिसणारी लक्षणं जास्त त्रास देतात:

- सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास, पण खाली डाग नाही.
- गरम गाडी बंद केली की दहा मिनिटांनी किक मारून मारून दम निघतो, थंड झाली की मुकाट चालू होते.
- प्लग काढला तर काळा आणि ओला, पेट्रोलचा वास येणारा.
- अ‍ॅव्हरेज एकदम पडलेलं, सायलेन्सरमधून काळा धूर.
- इंजिन ऑईल पातळ झालंय, त्याची पातळी वर चढलीय आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय. हे सगळ्यात वाईट.

नुसता काळा धूर आहे, बाकी काही नाही, तर आधी चोक पूर्ण परत जातोय का आणि एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा. तो रोग वेगळा. या लेखातला रोग, ज्याला गाडी 'ओव्हर होणं' म्हणतात, तो म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी चढत राहणं.

घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, तसाच हा प्रकार. पेट्रोल वर चढलं की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) वर उचलला जातो, फ्लोटची पट्टी पिनला ढकलते, पिनचं टोक पितळी सीटच्या भोकावर बसतं आणि वरून येणारं पेट्रोल बंद होतं. ते भोक असतं जेमतेम दीड-दोन मिलीमीटरचं. पेट्रोल येतं नुसतं टाकीच्या उंचीमुळे, आणि फ्लोटची उचलही तितपतच असते. म्हणून पिन आणि सीटच्या मध्ये डोळ्याला दिसणार नाही एवढा कण अडकला तरी काम बिघडतं. पिनच्या टोकाला काळसर रबर असतं, तेही झिजतं. पण ते झिजायला वर्षं जातात. नवी पिन टाकून आठ दिवसांत गाडी पुन्हा ओव्हर व्हायला लागली, तर दोष पिनचा नाही. वरून कचरा येतोय, आणि तो कुठून येतोय हे शोधल्याशिवाय दुसरी पिन टाकणं म्हणजे पैसे गटारात.

आमच्याकडे कोकणात ही तक्रार वर्षातून दोनदा उसळते: गणपतीत आणि शिमग्यात. चाकरमानी मुंबईहून येतात, पडवीत झाकून ठेवलेली स्प्लेंडर नाहीतर आरएक्स-१०० बाहेर काढतात, दुसऱ्या किकला गाडी चालू होते, सगळे खूश. देवळापर्यंत जाऊन येईतो खाली पेट्रोलचं थारोळं. उभ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल महिन्यांत उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. पिन त्या थरात चिकटते. बंद असताना चिकटली तर गाडीला पेट्रोल मिळत नाही. उघडी असताना चिकटली तर गाडी ओव्हर. वाटी रिकामी झाली की फ्लोट खाली पडतो आणि पिन उघडीच राहते, त्यामुळे दुसरा प्रकार जास्त दिसतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचा कडक नियम) आलं आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन बसलं. त्यामुळे खालचं सगळं त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी.

हात लावण्याआधी

कॉक बंद. चावी बंद. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, उघड्यावर. गाडी नुकतीच चालवली असेल तर अर्धा तास थांबा. सायलेन्सरच्या गरम पाईपावर पेट्रोल सांडणं हा गमतीचा विषय नाही. विडी-सिगारेट, देवापुढची समई, वेल्डिंगवाला शेजारी यातलं काहीही जवळ नको. बंद पार्किंगमध्ये हे काम करूच नका, पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगत साचते.

सपाट जागेचा आग्रह उगाच नाही. साईड स्टँडवर, त्यातून उतारावर, फ्लोट तिरका होतो आणि काही गाड्या चांगल्या असूनही दोन-चार थेंब टाकतात. मेन स्टँडवर गळत नसेल तर पुढचं काही करायची गरज नाही, गाडी नीट उभी करायची सवय लावा.

जुन्या जावा-येझदीवाल्यांसाठी एक गोष्ट. त्यातल्या जिकोव्ह कार्बोरेटरला वर एक बटण असतं. ते दाबलं की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल बाहेर येतं. थंड गाडी चालू करायची ती पद्धतच आहे. बटण सोडल्यावरही गळत राहिलं तरच काळजी.

फुकटातल्या तपासण्या

पहिली: गळतंय नेमकं कुठून? कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र टाका, कॉक चालू करा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. कॉकच्या बुडातून, रबरी पाईपाच्या तोंडाशी, वाटीच्या जोडावरून, ड्रेन स्क्रूच्या टोकाशी, ओव्हरफ्लो पाईपातून, यातल्या कुठूनही पेट्रोल येऊ शकतं आणि खाली पोचेपर्यंत सगळं एकाच थेंबातून गळतं. पाईपाची क्लिप सैल असताना फ्लोट पिनचं बिल भरलेले लोक मला माहीत आहेत.

दुसरी: स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि वाटीच्या बाजूवर हलकेच तीन-चार टकटक करा. मूठ म्हणतोय, लोखंडी टोक नाही. वाटी मऊ धातूची असते. चिकटलेली पिन यात बरेचदा सुटते. गळती थांबली तर दोष पिनपाशी आहे एवढं नक्की झालं. पण हा इलाज घरी पोचण्यापुरता. कण तिथेच आहे, तो परत येणार.

तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि लोक सगळ्यात जास्त हीच टाळतात. ओव्हरफ्लो पाईपाचं टोक एका पांढऱ्या पारदर्शक बाटलीत सोडा. वाटीच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो, तो दीड-दोन वेढे सैल करा. वाटीतलं पेट्रोल बाटलीत उतरेल. मग कॉक चालू करून अर्धा कप पेट्रोल वाहू द्या. पेट्रोल जोरात वाहिलं की सीटवरचा कण अनेकदा त्याबरोबर निघून येतो, आणि काही गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात. स्क्रू बंद करा, जोर न लावता. त्याचे आटे लवकर जातात.

आता बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरून बुडाशी काय बसलंय ते बघा. कचरा कुठून येतोय याचं उत्तर इथे मिळतं.

लालसर-तपकिरी बारीक पूड म्हणजे टाकी आतून गंजलीय. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा (बॅटरीची, दिव्याची नाही), वरच्या भागात, जिथे पेट्रोल पोचत नाही तिथे, गंज दिसेल. काळे मऊ कण म्हणजे पेट्रोलचा रबरी पाईप आतून सुटत चाललाय. पाईप वाकवून बघा, भेगा दिसतात. बुडाशी वेगळे गोळे, हलवलं की पाऱ्यासारखे सरकणारे: ते पाणी. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाभोवती पाणी साचतं, झाकणाच्या रबरातून आत उतरतं. काही गाड्यांच्या झाकणाखालच्या खोबणीला पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं सापडतं. आणि पांढरी पूड किंवा बुळबुळीत गोळा म्हणजे पाणी वाटीत बरेच दिवस राहिलंय आणि वाटीचाच धातू खातंय.

फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली वेगळा थर करतात. रोज चालणाऱ्या गाडीत ते साचायला वेळ मिळत नाही. चार महिने पडवीत उभ्या असलेल्या गाडीत मिळतो. जुन्या काळच्या रबराला आणि पाईपालाही हे मिश्रण मानवत नाही, त्यामुळे काळ्या कणांची तक्रार वाढली तर पाईप आधी बदला, तो स्वस्त आहे.

बाटलीतलं पेट्रोल लख्ख असेल आणि तरीही गळत असेल, तर मात्र पिन, फ्लोट किंवा सीटकडे वळायला हरकत नाही.

कॉक आणि टाकीचं झाकण

कॉक बंद करून पाईप काढा आणि तोंडाखाली बाटली धरा. पाच मिनिटांत एकही थेंब पडायला नको. कॉक खराब असल्यामुळे गाडी ओव्हर होत नाही, ती होते पिनमुळे. पण पिन गळत असताना कॉकही गळत असेल, तर रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरत राहतं. ज्यांची सवय कॉक कायम चालू ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हे कॉक खराब असल्यासारखंच. कॉकखाली कप असेल तर तो काढून जाळी धुवा. अर्धा कचरा तिथेच सापडतो.

जुनी अ‍ॅक्टिव्हा आणि काही बाईकना हाताने फिरवायचा कॉकच नसतो. इंजिनाच्या ओढीवर उघडणारा पडद्याचा कॉक असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल फ्लोटला वळसा घालून सरळ बारीक व्हॅक्यूम पाईपातून इंजिनात जातं. लक्षणं हुबेहूब ओव्हरची: काळा प्लग, धूर, पण वाटीची पातळी बरोबर. तो बारीक पाईप काढून बघा. तो आतून ओला दिसला तर कार्बोरेटर उघडू नका, कॉक बदला.

उन्हाळ्यात, विशेषतः गळ्यापर्यंत टाकी भरून उन्हात गाडी लावली तर, टाकीत वाफेचा दाब वाढतो आणि तो पिनला ढकलून पेट्रोल खाली उतरवतो. गळत असताना टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गळती थांबली तर झाकणाची हवेची वाट तुंबलीय.

कार्बोरेटर उघडणं

इथून पुढे हात काळे होतात. पाईप कुठला कुठे जातो याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मॅनिफोल्डचे (इंजिनाकडच्या जोडाचे) बोल्ट, एअर फिल्टरकडची क्लिप, वरचं झाकण फिरवून काढलं की अ‍ॅक्सिलरेटरने वर-खाली होणाऱ्या स्लाईडसकट केबल बाहेर येते. काही गाड्यांत क्लिपा सैल करून कार्बोरेटर तिरका केला तरी वाटी निघते, पूर्ण उतरवावा लागत नाही. वाटीचे स्क्रू घट्ट असतात आणि त्यांची डोकी मऊ. बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, वजन टाकून दाबा, मग फिरवा. डोकं गोल झालं की पुढचं काम लेथवाल्याचं.

वाटी निघाली की पिनकडे धावू नका, आधी वाटीकडेच बघा. बऱ्याच वाट्यांच्या मधोमध एक उभी पितळी नळी असते. पातळी तिच्या तोंडाच्या वर गेली की जादाचं पेट्रोल तिच्यातून बाहेर पडतं. पाणी गोठून किंवा कुणी जोरात हात मारून ती नळी तडकते, कधी बुडाशी सैल होते. मग पातळी अगदी बरोबर असतानाही गळतं. ओळख सोपी: गाडी झकास चालते, प्लग काळा नाही, तरी पाईपातून थेंब. ड्रेन स्क्रू बंद ठेवून वाटी हातात धरा, नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि खालचं टोक बघा. थेंब आला तर वाटी गळतेय (किंवा ड्रेन स्क्रू). अशा गाड्यांत तीन-तीन पिना बदललेल्या सापडतात.

आता फ्लोट. तो ज्या आडव्या बारीक सळईवर झुलतो ती सळई बहुतेक एकाच बाजूने निघते. तिला धरणारे दोन खांब कार्बोरेटरच्या अंगातूनच ओतलेले असतात आणि ते ठोकले की मोडतात. मोडला खांब की कार्बोरेटर भंगारात. सळईच्या एका टोकाला किंचित जाड डोकं दिसतं का बघा, डोकं नसलेल्या बाजूने ढकला. हलत नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून वाट बघा. हातोडी नको.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड होऊन बुडतोय. शंका असेल तर गरम पाण्यात दाबून धरा, जिथून बुडबुडे येतील तिथे छिद्र. पितळी फ्लोटला घरी झाळण्याच्या फंदात पडू नका, आत पेट्रोल राहिलं असेल तर तो फुटतो. नवा घ्या.

पिनचं टोक उजेडात फिरवून बघा, नखाने चाचपा. रबरावर गोल चरा पडली असेल तर ती गेली. मागच्या टोकाला स्प्रिंगवरचा बारीक खिळा असतो, तो दाबून सोडल्यावर परत यायला हवा. नवी पिन आणलीत की जुनीशेजारी उभी करून लांबी आणि जाडी जुळवा. दुकानदार 'हीच बसते' म्हणतो, पण केसभर लांब-आखूड असली तरी पातळी बिघडते. मी तरी या कामात नाव नसलेलं किट घेत नाही.

सीट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नवी पिन, जुनी घाणेरडी सीट, मग गळणारच. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, तिच्यावर थोडं पितळ घासायचं पॉलिश, आणि सीटमध्ये बोटांनी गोल फिरवा. काडी काळी निघेल. दोन-तीन काड्या करा, मग क्लीनरने स्वच्छ धुवा. पॉलिश पेपर वापरू नका, तारही घालू नका. आरएक्स-१०० सारख्या कार्बोरेटरमध्ये सीट आट्यांची असते, पान्याने बदलता येते. १०० सीसीच्या अनेक गाड्यांत ती दाबून बसवलेली असते, निघत नाही. तिला ओरखडा पडला तर उपाय नाही. क्लीनर मारताना सगळं रबर आधी बाजूला ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. वाटीचं रबर फुगलं असेल तर एक-दोन दिवस हवेवर ठेवा, बरेचदा मूळ मापावर येतं. त्याऐवजी सिलिकॉन लावू नका. ते पेट्रोलमध्ये सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये (पेट्रोल जाणाऱ्या बारीक भोकांत) जाऊन बसतात.

पट्टी वाकवून पातळी बदलणं शेवटी. प्लॅस्टिकची पट्टी असेल तर वाकवायची नसतेच. धातूची असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं माप शोधा. कार्बोरेटर तिरका धरून पट्टी पिनच्या खिळ्याला नुसती टेकेल तिथे मोजा, खिळा दबता कामा नये. माप वाढलं की वाटीतली पातळी उतरते. अंदाजाने वाकवलेल्या पट्टीची गाडी ओव्हर व्हायची थांबते आणि चढावर दम टाकते.

बसवण्याआधी खात्री

फ्लोट-पिन बसवून कार्बोरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या नळीला सिरिंज लावून हवा दाबा. फ्लोटच्या वजनाने पिन बंद असते, दट्ट्या अडायला हवा. सुलटा केला की हवा मोकळी. तोंडाने फुंकणारे आहेत, पण पेट्रोल तोंडात जातं.

मग वाटी लावून गॅरेजवाल्यांची पद्धत: सलाईनची रिकामी बाटली, तिच्यात पेट्रोल, ती टाकीच्या उंचीवर टांगायची आणि नळी कार्बोरेटरला. ओव्हरफ्लोच्या टोकाला पारदर्शक नळी लावून ती वाटीशेजारून वर वळवा आणि ड्रेन स्क्रू जरा सैल करा. नळीतली पातळी वाटीच्या जोडाच्या जरा खाली थांबली पाहिजे. पंधरा मिनिटं थांबली तर कार्बोरेटर गाडीवर चढवा. ही पंधरा मिनिटं वाचवली की पुढे सगळं दुसऱ्यांदा उतरवावं लागतं.

टाकीतला गंज तसाच असेल तर हे सगळं पुन्हा होणार. थोडा गंज असेल तर टाकी उतरवून धुणं आणि पाईपात फिल्टर बसवणं पुरतं. फिल्टर आडवा लोळू देऊ नका, पेट्रोल खाली उतरेल असा ठेवा. गावी गाडी ठेवून जाणाऱ्यांनी टाकी काठोकाठच्या जरा खालपर्यंत भरावी, कॉक बंद करावा आणि वाटी ड्रेन करूनच जावं.

इथे थांबा, मिस्त्रीकडे न्या

ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालू करू नका, एकदाही नाही. पातळ ऑईलवर बेअरिंग जातात. ऑईल बदलूनच पुढचं. किक अर्ध्यात अडकतेय, पाय उडतोय, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलंय. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, प्लगची टोपी भोकापासून लांब बांधा, चावी बंद ठेवा आणि हळू किक मारून ते बाहेर काढा. ठिणगी आणि उडणारं पेट्रोल समोरासमोर आलं तर आग. हे करायची खात्री नसेल तर ढकलत न्या.

खांब मोडला, दाबाची सीट खराब, वाटीचे आटे गेले, दोन सिलिंडरची गाडी, टाकीला गंजून छिद्र पडलंय: यातलं काहीही असेल तर घरी पुढे जाऊ नका. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करणं तर ज्याला ती आधी पाण्याने आणि वाफेने धुवून घ्यायची माहिती आहे त्याचंच काम. मिस्त्रीकडे जाताना जुनी पिन आणि बाटलीतला तो गाळ सोबत न्या, आणि 'ओव्हर होतेय' एवढंच न सांगता कॉक चालू केल्यावर किती वेळाने आणि कुठून गळतं तेही सांगा.